ज्याच्याकडे आधीपासून आहे, तो जबाबदार

कॉलेजातल्या आमच्या सरांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल लिही, दिवाळी अंकाला द्यायचं आहे." मी दोन दिवस टाळलं. कामाच्या आठवणी लिहितात ते निवृत्त झालेले लोक. पोस्टमास्तर, डॉक्टर, एस. टी.चे कंडक्टर. माझं वय एकवीस. सकाळी कॉलेज, दुपारी काम, आणि तेही संग्रामपूरच्या एका ऑनलाइन सेंटरवर अर्ज टाइप करण्याचं. याच्या कसल्या आठवणी? सर म्हणाले, "तीन वर्षांत किती अर्ज लिहिलेस?" मी म्हटलं, मोजले नाहीत. ते म्हणाले, "मग त्यातले दोन-तीन आठवत असतील ते लिही."

दोन-तीन खरंच आठवतात. त्यातला एक मला विसरायचा होता, पण तोच जास्त आठवतो.

आधी काम काय ते सांगते. आमचं सेंटर तहसील कार्यालयाच्या रस्त्यावर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि बाहेर एक लाकडी बाक. सेंटरचे मालक गजूभाऊ. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणे, मेलेल्या माणसाचं नाव काढणे, हे सगळं आमच्याकडे होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांचे अंगठे मशीन घेत नाही. बोटांच्या रेषाच राहिलेल्या नसतात. एका आजोबांनी चारदा अंगठा लावला, पाचव्यांदा हात मागे घेतला आणि म्हणाले, "साठ वर्सं झिजवले, तवा कोनी मांगले नाई. आता पाहिजे होय."

ज्याला पोर्टल नाही, त्याला साधा अर्ज. तो माझ्याकडे. गिऱ्हाईक वऱ्हाडीत बोलतं आणि मी ते सरकारी मराठीत लिहिते. एक आजी म्हणाल्या, "साहेब, पान्यानं माही भित पडली, मी नातवाले घेऊन कुठी राहू?" मी लिहिलं, "अतिवृष्टीमुळे अर्जदाराच्या राहत्या घराची पश्चिमेकडील भिंत कोसळली असून सदर अर्जदार निराधार झालेली आहे." वाचून दाखवलं. आजींनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "यात मी कुठी हावो?" मी सांगितलं, "अर्जदार म्हनजे तुमीच, आजी." त्या म्हणाल्या, "असन मंग."

लोकांना अर्ज कडक हवा असतो. "कडक लिव," असं सगळेच म्हणतात. त्यासाठी माझ्याकडे काही वाक्यं तयार आहेत. शेवटचं वाक्य बहुतेक एकच असतं: "होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." हे वाचून दाखवलं की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर समाधान येतं. प्रशासनाच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी मला विषय मिळाला होता, "अण्वस्त्रे आणि महासत्तांचे दुटप्पी धोरण". आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईला विषय सांगितला तर ती म्हणाली, "सोपा नोता का दुसरा?" घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून गिऱ्हाईक नसलं की मी सेंटरवरच टाइप करत बसे. गजूभाऊ मागून वाचायचे.

"अणुबॉम्बचा अर्ज कोन्या पोर्टलवर भरतात बे?" त्यांनी एकदा विचारलं. मला ते पोराला म्हणावं तसं बे म्हणतात.

"त्याले पोर्टल नसते, गजूभाऊ."

"मंग लोकायले भेटते कसा? रहिवासी दाखला लागते का?"

मी त्यांना अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारा जगाचा करार समजावून सांगितला. ज्या पाच देशांनी एका ठरलेल्या तारखेच्या आधी अणुस्फोट केला होता, म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन, ते अण्वस्त्रधारी म्हणून मान्य. त्या तारखेनंतर कोणाला मान्यता नाही. बाकीच्यांनी बॉम्ब बनवणार नाही असा शब्द द्यायचा. त्या बदल्यात पाच जणांनी शब्द द्यायचा की आम्ही आमचे बॉम्ब संपवण्यासाठी मनापासून बोलणी करू. पहिला शब्द पाळला जातो का हे बघायला निरीक्षक येतात. दुसरा बघायला कोणी येत नाही.

गजूभाऊ म्हणाले, "म्हनजे कट ऑफ डेट होती."

"हो."

"अतिक्रमन नियमित करते तसं. त्या तारखीच्या पयले ज्यानं दाबली त्याची जागा, मंगच्यानं दाबली तं बुलडोझर."

हे वाक्य मी सेमिनारच्या वहीत लिहून ठेवलं होतं. सरांनी नंतर त्याखाली रेघ मारली, चुकीची नव्हे, चांगली.

त्याच दिवसांत आमच्या गावचे भीमराव काका बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊन आले. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, नाव घालत नाही. आमच्याकडे रानडुकरांचा त्रास कोणाला सांगावा लागत नाही. एका रात्रीत मका असा लोळवतात की रोलर फिरवल्यासारखं दिसतं. शेतकऱ्याला पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना मागता येतो. मागता येतो, एवढंच. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांची चौकशी, तहसीलचा अहवाल, मग जिल्ह्याच्या ठिकाणी निर्णय. मधे कोणी हरकत घेतली की पुन्हा चौकशी.

"जयभीम काका," मी म्हटलं. "बंदूक कायले?"

"जयभीम. मले कुठी बंदुकीची हौस हाये, पोरी," काका म्हणाले. "पन दादासाहेबाचं वावर माह्या वरच्या अंगाले. त्यायच्याकडं बंदूक. थे वाजली का डुकरं बांध उतरून माह्या मक्यात येतात. त्यायची बंदूक जितकी वाजते, तितकं माहं पीक जाते. दोन सालापासून मी दोन वावराचे डुकरं पोसून राह्यलो."

मी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "पीक संरक्षण". दोन शब्द. दादासाहेबांच्या बंदुकीमुळे डुकरं खाली येतात, हे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते लिहिण्यासारखं वाटलंही नाही.

दोन महिन्यांनी दादासाहेब स्वतः आले. हे आमच्या गावचे मोठे शेतकरी, एकेकाळचे सरपंच. सत्तरी ओलांडलेली, धोतर स्वच्छ, बोलणं गोड. त्यांना मी कोणाची मुलगी आहे हे माहीत असतं, कोणत्या वर्षाला आहे हेही माहीत असतं. बाकावर न बसता ते सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

"दोन कागद करायचे हायेत, पोरी. एक माह्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरन. दुसरी एक हरकत."

पहिला कागद सोपा होता. मी जुन्या अर्जावरून उतरवलं, की अर्जदाराकडे वडिलोपार्जित शस्त्र असून ते पीक व गावाच्या सुरक्षिततेस उपयुक्त आहे. मग दुसरा कागद. हरकत भीमराव काकांच्या अर्जावर होती. माझे हात थांबले. पण हात थांबवणं आमच्या कामात नाही. जो येईल त्याचं लिहायचं. गजूभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपुन कोनाच्या बाजूनं नाई. आपुन प्रिंटर."

"लिव," दादासाहेब म्हणाले. "भीमराव मानूस वाईट नाई. पन बंदूक जबाबदार मानसाच्या हाती पाहिजे."

"जबाबदार म्हनजे कसं लिवू, दादासाहेब?"

"आता आमच्याकडं हाये. आजोबाच्या टायमापासून. कधी काई झालं?"

"नाही."

"मंग. थेच जबाबदार."

"आनि काका?"

"त्याच्याकडं कधी नोतीच. थो जबाबदार हाये का नाई, हे समजन कसं?"

मी भीत भीत विचारलं, "मंग त्यायले बंदूक भेटल्याशिवाय समजन कसं?"

"म्हनूनच देऊ नोये," दादासाहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. एखाद्या हुशार पण लहान पोरीला समजावतात तसे बोलत होते.

"अजून एक टाक," ते म्हणाले. "थो जरा फटकळ हाये."

ते खरंच होतं. काका ग्रामसभेत उठून विचारतात, नाल्यावरचा फरशी-पूल कागदावर झाला, पाण्यात कुठं दिसत नाही, असं काहीबाही. फटकळ हा शब्द मी टाइप केला आणि तो मला अर्जात शोभेना. सरकारी मराठीत फटकळ माणूस नसतो. मी तो पुसला आणि लिहिलं, "सदर इसम तापट स्वभावाचा व बेजबाबदार असून त्याचे हाती शस्त्र गेल्यास गावाच्या शांततेस धोका निर्माण होईल. होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील."

वाचून दाखवलं. दादासाहेबांनी मान डोलावली. "कडक झाला," म्हणाले. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ते गेल्यावर मी सेमिनारची फाइल उघडली. जिथं सोडलं होतं तिथलं वाक्य होतं, "मोठी राष्ट्रे आपल्या शस्त्रांना जगाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक मानतात आणि इतरांच्या त्याच शस्त्रांना जगाच्या शांततेस धोका." अर्ध्या तासापूर्वी मी हेच दोन कागदांत लिहिलं होतं. एकाच खुर्चीत बसलेल्या माणसासाठी, एकाच कामाच्या दोन बंदुकांबद्दल. मी फाइल बंद केली आणि एका बाईंच्या रेशनकार्डाचं काम हातात घेतलं.

पुढच्या महिन्यात भीमराव काका तहसीलची नोटीस घेऊन आले. हरकतीची प्रत जोडलेली होती आणि आठ दिवसांत खुलासा मागितला होता. काका सावकाश, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

"पोरी, हे तापट मले कोन म्हनलं असन? दादासाहेब मले फटकळ म्हनते, थे मले मालूम हाये. तोंडावर म्हनते. तापट कधी नाई म्हनले. मी कोनावर हात उगारला का?"

दुपारची वेळ होती. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मी सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं.

"काका, दादासाहेब फटकळच म्हनले. तापट मी लिवलं."

गजूभाऊ उठून प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले. कागद आधीच भरलेला होता.

"तू लिवलं?"

"हो."

"म्हनूनच," काका म्हणाले. "शुद्धलेखनाची एक चूक नाई."

मला हसता आलं नाही. काकांनी पुन्हा कागदावर बोट फिरवलं. "बेजबाबदारबी तुहंच का?"

"हो, काका."

"बरं." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मी या बंदुकीपायी तीनदा जबाब देऊन आलो. एकदा ठान्यात, एकदा तलाठ्याले, एकदा इथं तहसीलात. दारू पेता का, भांडन हाये का, बायको नांदते का, सारं विचारलं. दादासाहेबानं कधी देला जबाब? आजोबाची होती, मंग बापाची झाली, मंग त्यायची. आता मले सांग, तू शिकेल हायेस. तीनदा जबाब देला थो बेजबाबदार, आनि एकदाबी नाई देला थो जबाबदार. हे कोन्या शायेत शिकवतात वं?"

मी इतके दिवस रोज हा शब्द टाइप करत होते. जबाबदार. त्यात जबाब आहे, हे मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं.

खुलासा मी काकांच्याच बोलण्यातून लिहिला. डुकरं वरून खाली कशी येतात ते लिहिलं, पूर्ण परिच्छेदभर. शेवटी काका म्हणाले तसं एक वाक्य घातलं, की जे प्रश्न मला विचारले तेच हरकतदारांनाही विचारावेत. आणि त्याखाली मी माझ्या मनाने आणखी एक ओळ घातली: "हरकत अर्जातील 'तापट' व 'बेजबाबदार' हे शब्द हरकतदारांचे नसून टंकलेखकाचे आहेत." खाली माझं नाव.

गजूभाऊंनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अबे, दादासाहेब आपलं गिऱ्हाईक हाये. त्यायचं अख्खं गाव आपलं गिऱ्हाईक हाये. उद्या थे म्हनले का या पोरीले काढ, तं मी काय करू?"

"काढा मंग," मी म्हटलं. ती नोकरी गेली असती तर कॉलेजची एस. टी.सुद्धा अवघड झाली असती.

त्यांनी खालची ओळ पुन्हा वाचली. "सही कर," म्हणाले. "पन सेंटरचा शिक्का मारू नको."

मधल्या दिवसांत माझा सेमिनार झाला. मी सांगितलं की इराण बॉम्ब बनवत असेल या संशयावरून त्याच्यावर बॉम्ब पडतात. इस्रायलकडे आहेत असं सगळं जग धरून चालतं, इस्रायल हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही, आणि कोणी त्याचा जबाब घेत नाही. आपण पोखरणला स्फोट केले तेव्हा ज्यांनी आपल्यावर निर्बंध घातले, त्यांनीच काही वर्षांनी आपल्यासाठी नियमात वाट काढली. आपण तेच होतो, बॉम्बही तेच होते, फक्त त्यांचं आपल्याशी जमू लागलं होतं. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटचं वाक्य वाचलं, "भारत हे मात्र एक जबाबदार अण्वस्त्रधारी राष्ट्र आहे."

सरांनी विचारलं, "हे वाक्य कोणाचं?"

"सर, टाइप करताना आपोआप आलं."

"लाहोरच्या कॉलेजात एखादी मुलगी आज हाच सेमिनार देत असेल. तिचं शेवटचं वाक्य काय असेल?"

मी म्हटलं, "हेच असेल, सर. फक्त देशाचं नाव बदलून." वर्गात कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चांगले गुण दिले. ते वाक्य खोडायचं की ठेवायचं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. आपण पहिल्यांदा वापरणार नाही असं म्हणतो, त्याला काहीतरी अर्थ असेलच ना? पण दादासाहेबही म्हणाले होते, कधी काही झालं का.

चौकशीच्या दिवशी काकांनी मला बरोबर नेलं. "कागद वाचाले," म्हणाले. नायब तहसीलदार साहेब वयाने तरुण होते, टेबलावर फायलींचा ढीग होता. दादासाहेबांना खुर्ची दिली गेली. काका उभे होते. साहेबांनी वर पाहिलं आणि काकांनाही खुर्ची मागवली. ती यायला वेळ लागला.

खुलासा वाचता वाचता ते थांबले. "टंकलेखक कोण?"

"मी, सर."

"तुम्ही अर्जदाराच्या नात्यात आहात?"

"नाही, सर. दोघांचेही अर्ज मीच लिहिलेत."

दादासाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे इतके कागद येतात," साहेब म्हणाले, "चूक माझी आहे असं लिहिलेला कागद मी पहिल्यांदा बघतोय." मग त्यांनी काकांचा जुना जबाब काढला आणि त्यातलेच प्रश्न दादासाहेबांना विचारायला सुरुवात केली. ते सहज विचारत होते, डाव टाकून नव्हे. मला वाटतं, काकांच्या खुलाशातली ओळ त्यांना सोयीची वाटली. आयते प्रश्न मिळाले.

"शस्त्र कुठं ठेवता?"

"माजघरात. खुंटीले."

"कुलपात नाही?"

"खुंटीले कुलूप कसं लावन, साहेब?"

"बरं. शेतात तुम्ही स्वतः घेऊन जाता?"

दादासाहेब गप्प झाले. यात मी त्यांची थट्टा करत नाही. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता, आणि त्या खोलीत त्यांना खोटं पाडणारं कोणी नव्हतं. पण त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. गरजच कधी पडली नसेल.

"माह्या खांद्याले जोर होत नाई आता," ते म्हणाले. "गडी वाजवते."

"गडी म्हणजे सालदार? त्याच्या नावावर परवाना आहे?"

"त्याच्या नावावर कायले राहीन? परवाना माह्या नावावर हाये."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कारकून खिडकीकडे बघू लागला. भीमराव काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असेल म्हणून मी पाहिलं, तर ते दादासाहेबांकडे काळजीने बघत होते.

साहेबांचा अहवाल जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि तिथून आदेश आला, की दादासाहेबांचं शस्त्र पुढील आदेशापर्यंत ठाण्यात जमा करावं, आणि भीमराव काकांच्या अर्जावर नव्याने अहवाल मागवावा. म्हणजे गावात आता कोणाकडेच बंदूक नव्हती.

आदेश वाचून दाखवून मी काकांना म्हटलं, "निदान सारखं तरी झालं."

"डुकरायसाठी सारखं झालं," काका म्हणाले.

तसंच झालं. बंदूक वाजत नाही म्हटल्यावर डुकरं वरच्या वावरातही थांबू लागली. दादासाहेबांचा हरभरा उकरला गेला, काकांचाही गेला, फक्त आता थोडा कमी. दोन्हीकडची माणसं डबे वाजवत होती. आणि मी रोज सेंटरवर दादासाहेबांची वाट बघत होते, मला काढायला सांगायला ते येतील म्हणून.

ते एका सोमवारी आले. काका त्या दिवशी बाकावर होते. दर सोमवारी ते परवान्याचं काय झालं ते विचारायला येतात. दादासाहेब माझ्यासमोर बसले.

"त्याचाबी कागद तूच लिवला?"

"हो."

"थोबी कडक लिवला." एवढंच. मग त्यांनी गळ्यातल्या उपरण्याने तोंड पुसलं. "आता एक नवा लिव. या बंदुकीपायी गावात वाकडंतिकडं होते. कोनालेच देऊ नोये. न मले, न याले, न कोनाले. साऱ्या गावात बंदूक नको, असा अर्ज."

गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी गजूभाऊंकडे पाहिलं. आपली बंदूक ठाण्यात गेल्यावर ती दुसऱ्या कोणालाच मिळू नये, असं माणसाला वाटू लागतं. मी लिहू लागले. यावेळी त्यांचा एकही शब्द बदलला नाही. वाकडंतिकडंसुद्धा तसंच ठेवलं.

काका बाकावरून उठून आले. "मी सही करतो याच्यावर," म्हणाले.

दादासाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. "खरं?"

"खरं. मले काय बंदूक खायची हाये? पन पोरी, खाली एक ओळ टाक. दादासाहेबाची बंदूक उद्या ठान्यातून वापस आली, तरीबी हा अर्ज कायम राहीन."

मी टाइप केलं. प्रिंट काढली. काकांनी सही केली, पूर्ण नाव, अक्षर सुटं सुटं. मी कागद दादासाहेबांपुढे ठेवला आणि पेन दिलं. त्यांनी सगळा कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत आले.

"हे ओळ काऊन?"

"असू द्या," काका म्हणाले. "तुमाले नकोच हाये ना बंदूक. मंग ओळीनं काय होते?"

दादासाहेबांनी पेन उघडलं. पुन्हा वाचलं. पेन मिटलं. "पोराले विचारून येतो," म्हणाले, आणि काठी टेकत निघाले. त्यांचा मुलगा कोणत्याही गोष्टीत त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, हे बाकालासुद्धा माहीत होतं.

त्याला आता चार महिने झाले. दादासाहेब रस्त्यात भेटतात, अभ्यास कसा चालला विचारतात, कागदाचं काढत नाहीत. मला सेंटरवरून कोणी काढलं नाही. काका दर सोमवारी येतात.

"त्यायनं सही केली का?"

"नाही, काका."

"मंग माहा परवाना पाय."

मी पोर्टल उघडते. तिथं लिहिलेलं असतं, प्रलंबित. मी तो शब्द त्यांना वाचून दाखवते, त्यात माझं काही घालत नाही.

"दोनी कागद जपून ठेव," काका म्हणतात. "मले द्या, नाई तं त्यायलेबी देऊ नका. जे पयले होईन थे आपलं."